उन्हाने दमलेलं पान आणि त्याची रोजची दुरुस्ती



ऑक्टोबर लागला की आमच्याकडे, नागोठण्यात, एक तक्रार ठरलेली. "बाई, पाणी रोज घालतोय, तरी रोपाची पानं पांढरट पडली." रोप बहुतेक वेळा नर्सरीतून आणलेलं असतं, हिरव्या जाळीखाली वाढलेलं. कुणी ते सप्टेंबरअखेर अंगणात लावलेलं असतं, कुणी शाळेच्या कार्यक्रमात मैदानाच्या कडेला. पावसाळा सरतो, आभाळ मोकळं होतं आणि आठवड्याभरात वरची पानं फिकी, मग पिवळी-पांढरी, मग कडेला तपकिरी. घरातले म्हणतात पाणी कमी पडलं. कुणी खत घालतं, कुणी कीटकनाशक मारतं. आणि बरेच जण रोप उपटून टाकतात.

ते उपटायच्या आधी हा लेख वाचा, कारण त्यातली बरीच रोपं मेलेली नसतात. त्यांना ऊन लागलेलं असतं.

"झाडाला ऊन लागतं" या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, झाडाला उन्हाची गरज असते. दुसरा, माणसाला ऊन लागतं तसं झाडालाही बाधतं. वर्गात आपण पहिला अर्थ शिकवतो. फळ्यावर समीकरण लिहितो, बाणावर 'सूर्यप्रकाश' आणि 'हरितद्रव्य' लिहितो आणि पुढे जातो. मुलांच्या डोक्यात त्यातून एक हिशोब पक्का बसतो: जितकं ऊन जास्त, तितकं अन्न जास्त. दुसरा अर्थ शिकवायचा राहून जातो, आणि खरं सांगायचं तर दोहोंतला मजेशीर तोच आहे.

पानाला किती ऊन पुरतं?

भर दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, पानाच्या एक चौरस मीटर क्षेत्रावर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. मायक्रोमोल हा आकडा मुलांना नको, पण तुम्हाला माहीत असू द्या.) सावलीत वाढलेल्या पानाची यंत्रणा यातल्या १०० ते २०० वरच पूर्ण क्षमतेने चालायला लागते. उन्हात वाढलेलं पान ५०० ते १००० पर्यंत घेऊ शकतं. म्हणजे दुपारी बारा वाजता मैदानातल्या झाडाच्या शेंड्याच्या पानावर गरजेच्या दुप्पट-तिप्पट आणि सावलीतून उचलून आणलेल्या रोपावर दहा-वीस पट प्रकाश कोसळत असतो.

आता गंमत बघा. पानाला हा प्रकाश नाकारता येत नाही. आपल्याला जेवण जास्त झालं तर ताट बाजूला सारता येतं. हरितद्रव्याला तसं करता येत नाही. त्याच्यावर पडलेला फोटॉन ते शोषतंच. कार्बन डायऑक्साइड मिळो न मिळो, पाणी असो नसो, शोषण चालूच. शोषलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती अन्न बनवण्याच्या कामात गेली तर उत्तम. नाही गेली तर ती आसपासच्या ऑक्सिजनला चेतवते आणि हा चेतलेला ऑक्सिजन समोर येईल त्याला जाळत सुटतो.

सर्वांत जास्त मार बसतो तो 'फोटोसिस्टिम-२' नावाच्या यंत्राला. पाण्याचे तुकडे करून ऑक्सिजन मोकळा करणारं यंत्र ते हेच. त्याच्या अगदी गाभ्यात 'डी-१' नावाचं एक प्रथिन आहे. नुकसान होतं ते मुख्यतः या एकट्याचं. ते नेमकं कशाने मोडतं, चेतलेल्या ऑक्सिजनमुळे की त्याला चिकटलेल्या मँगनीजच्या गुच्छावर थेट प्रकाशाचा घाव बसल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांत दोन पक्ष आहेत आणि वाद अजून चालू आहे. पण मोडतं ते डी-१, यावर दोघांचं एकमत.

दहावीच्या मुलांना घालण्यासारखं एक गणित आहे. भर उन्हात एका फोटोसिस्टिमकडे सेकंदाला साधारण हजार फोटॉन येतात असं धरा. तासाला झाले ३६ लाख. प्रयोगांवरून असं दिसतं की शोषलेल्या दहा लाख ते एक कोटी फोटॉनमागे एकदा डी-१ मोडतं. मग एक डी-१ किती वेळ टिकेल? उत्तर पाव-अर्ध्या तासापासून तीनेक तासांपर्यंत येतं. प्रत्यक्ष पानांत मोजलेला आकडाही याच पट्ट्यात पडतो. कडक उन्हात तर डी-१ अर्ध्या तासातही निकामी होतं.

आता मुलांना विचारा: मग संध्याकाळपर्यंत जगातलं एकही हिरवं पान शिल्लक कसं राहतं?

दुरुस्ती

या प्रश्नाचं उत्तर सापडायला बराच काळ गेला. तीव्र प्रकाशाने प्रकाशसंश्लेषण मंदावतं हे आधीपासून माहीत होतं. १९५६ मध्ये बेसेल कोक या शास्त्रज्ञाने शैवालावर काम करून मांडलं की बिघाड आणि भरपाई या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. आपल्याला दिसते ती फक्त त्यांची वजाबाकी. पुढे इस्रायलमध्ये मार्व्हिन एडलमन आणि भारतात जन्मलेले अवतार मट्टू यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या एका इवल्याशा वनस्पतीवर काम केलं. डबक्यावर मसुराएवढ्या हिरव्या टिकल्या पसरलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्याच कुळातली ती. तिच्या हरितलवकात एक प्रथिन सतत बनताना आणि सतत मोडताना दिसत होतं, आणि १९८४ मध्ये त्यांनी दाखवलं की हे मोडणं प्रकाशाशी बांधलेलं आहे. तेच हे डी-१.

पण मला सर्वांत आवडतो तो फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातला प्रयोग. एसा ट्यूस्त्यार्वी आणि एवा-मारी आरो यांनी पानांना लिंकोमायसिन दिलं. हे तेच प्रतिजैविक, जे डॉक्टर माणसांना देतात. हरितलवकाची प्रथिनं बनवण्याची पद्धत जिवाणूंसारखी असल्यामुळे या औषधाने तिथलं नवं डी-१ बनणं थांबतं. म्हणजे दुरुस्ती बंद, फक्त बिघाड चालू. १९९६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: बिघाडाचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात असतो. अगदी मंद प्रकाशातही थोडा बिघाड होतोच. अमुक इतक्या उन्हापर्यंत सुरक्षित आणि त्यापुढे धोका, अशी रेघ नाही.

हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच आपली नेहमीची समजूत उलटते. पान उन्हात सुरक्षित राहतं ते त्याला इजा होत नाही म्हणून नव्हे. इजा सकाळी उजाडल्यापासून होतच असते. पान हिरवं दिसतं, कारण मोडण्याच्या वेगाने दुरुस्ती चाललेली असते. पान फिकं पडतं ते दुरुस्ती मागे पडल्यावर.

पेण-रोह्याकडच्या मुलांना हे समजावायला मी खारभूमीचं उदाहरण देते. अंबा नदी नागोठण्याहून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. त्या पट्ट्यातली भातशेती मातीच्या बंधाऱ्यांमागे आहे. भरतीचं पाणी रोज दोनदा बंधाऱ्यावर धडकतं, माती थोडी थोडी खातं. पूर्वी गावात जोळ पद्धत होती, ज्याच्या त्याच्या वाट्याचा बंधारा ज्याने त्याने राखायचा. माती ढासळायची, लोक ती परत चढवायचे. बंधारा वर्षानुवर्षं उभा दिसायचा, पण त्यातली माती काही तीच नसायची. आणि राखण थांबली की एखाद्या उधाणाला खांड पडायची, खारं पाणी शेतात. त्या वेळी लोक भरतीला दोष देतात. भरती तर रोजचीच होती.

पानातली जोळ अशी चालते. हरितलवकाच्या आत पडद्यांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या. फोटोसिस्टिम-२ या चवडीत घट्ट बसलेली असते. डी-१ मोडलं की ती अर्धवट सुटी होते आणि चवडीबाहेरच्या मोकळ्या पडद्याकडे सरकते. तिथे कापणारी विकरं मोडकं डी-१ तुकडे करून काढून टाकतात. शेजारीच नवं डी-१ विणलं जातं आणि विणता विणताच त्या खाचेत बसवलं जातं. त्याची कृती हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएवर लिहिलेली असते, पेशीच्या केंद्रकाकडे मागणी पाठवायची गरज नाही. मग मँगनीजचा गुच्छ परत जुळतो आणि दुरुस्त यंत्र चवडीत परत जातं. बाकीची वीसेक प्रथिनं तशीच वापरली जातात. म्हणजे फ्यूज उडाला तर तार बदलायची, घरभरचं वायरिंग नाही. काही शास्त्रज्ञ तर डी-१ ला फ्यूजच म्हणतात: ते चटकन मोडतं म्हणून पुढची, दुरुस्तीला अवघड असलेली फोटोसिस्टिम-१ वाचते.

यात एक बारीक पण फार कामाची गोष्ट आहे. दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि मँगनीज परत बसायलाही थोडा प्रकाश लागतो. म्हणून ऊन लागलेलं पान मिट्ट अंधारात ठेवलं तर ते नीट सावरत नाही. मंद उजेडात लवकर सावरतं. उन्हाने पांढरं पडलेलं रोप उचलून घराच्या कोपऱ्यात नेणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा. त्याला ओटीची सावली हवी, माळ्यावरचा अंधार नको.

आधी चुकवायचं, मग दुरुस्त करायचं

दुरुस्ती महाग पडते. प्रथिन विणायला नायट्रोजन लागतो, ऊर्जा लागते. त्यामुळे रानातल्या वनस्पती आधी उन्हाचा मार चुकवायच्या खटपटी करतात. यासाठी कुठल्या अभयारण्यात जायला नको, शाळेच्या कुंपणापर्यंत गेलं तरी चालेल.

आंबोशी घ्या. मुलं तिची आंबट पानं चघळतातच. तीन बदामी पर्णिका, कुंडीच्या सावलीत पसरलेल्या असतात. त्यावर दुपारचं ऊन आलं की त्या छत्री मिटावी तशा खाली झुकतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रेडवूड जंगलात हिची एक बहीण जमिनीलगत गर्द सावलीत वाढते. वरून एखादा कवडसा तिच्यावर पडला की ती काही मिनिटांत पानं मिटते, कवडसा सरकला की उघडते. ब्योर्कमन आणि पॉल्स यांनी १९८१ मध्ये हे तपासलं. सावलीत जगणाऱ्या त्या पानाला थेट ऊन सोसत नाही, मिटल्यामुळे ते इजेतून वाचतं. लाजाळू, टाकळा, रानातल्या वेलवर्गीय शेंगवनस्पती यांच्या पानांच्या तळाशी असाच फुगीर सांधा असतो. त्यात पाणी भरलं-ओसरलं की पान हलतं. शेतातली चवळी पाण्याचा ताण पडल्यावर दुपारी पानं सूर्याच्या किरणांना समांतर धरते. शेतकरी बघून म्हणतो, "चवळीने मान टाकली." टाकलेली नसते, फिरवलेली असते.

पान हलू शकत नसेल तर पानातले हरितलवक हलतात. मंद उजेडात ते पेशीच्या वरच्या भिंतीशी पसरून बसतात आणि तीव्र प्रकाशात बाजूच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. सावलीत वाढलेल्या पातळ पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून ते तासभर तेज उजेडात ठेवलं, तर पट्टीखालचा भाग किंचित गडद निघू शकतो. हरितद्रव्य तितकंच, फक्त मांडणी वेगळी.

चैत्रात डोंगराकडे बघा. कोशिंबाला लालभडक पालवी, पिंपळाला तांबूस, आंब्याला जांभळट. कोवळ्या पानाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून पुरी उभी राहिलेली नसते, आणि तेही वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात. पानातलं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य हिरव्या-निळ्या प्रकाशाचा काही भाग अडवतं. पान तयार झालं की लाली उतरते. लाल पालवी किडींना नकोशी वाटते म्हणूनही असेल, असं दुसरं मत आहे, आणि दोन्ही कारणं एकत्र नांदू शकतात. पळस, पांगारा, काटेसावर यांनी तर त्या दिवसांत पानांची भानगडच ठेवलेली नसते. ते मुख्यतः पाण्यासाठी, हे मुलांना सांगायला हवं. पण पान नाही म्हणजे त्याची दुरुस्तीही नाही, हा फायदा वरकड.

आणि खाडीकाठची कांदळवनं. मला विचाराल तर आपल्या भागात उन्हाशी झगडण्याचा सर्वांत कठीण प्रसंग त्यांच्यावर येतो. पाण्यात उभं राहूनही तिवराला पाण्याची टंचाई असते, कारण पाणी खारट. पर्णरंध्रं फार उघडून चालत नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, आणि डोक्यावर मात्र सावली म्हणून काही नाही. वर, खारटपणा थेट दुरुस्तीवरच घाव घालतो. जपानमध्ये नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी नीलहरित जिवाणूंवर केलेल्या कामातून हे पुढे आलं: जादा मीठ, थंडी, उष्णता हे ताण डी-१ मोडण्याचा वेग फारसा वाढवत नाहीत, नवं डी-१ बनणं मंदावतात. कांदळवनाचा झाडोरा जवळून पाहिला तर शेंड्याची पानं जाड, लहान, पिवळसर आणि उभी कललेली दिसतील; खालची रुंद, गडद, आडवी. एकाच झाडाची दोन तऱ्हेची पानं. भूगोलाच्या सहलीला गेलात तर दोन्ही हातात घेऊन बघा, तोडायची मात्र नाहीत. गळून पडलेली पुरेशी मिळतात.

उघाडी

पान फिरवलं, हरितलवक हलवले, तरी उरलेला प्रकाश बराच असतो. त्यासाठी पानात उघाडी आहे. खारभूमीच्या बंधाऱ्याला शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवतात, तशीच. इथे सोडायची असते ती ऊर्जा, आणि ती सोडली जाते उष्णतेच्या रूपात. प्रकाश वाढला की पानातलं व्हायोलाझँथिन नावाचं पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत झियाझँथिन नावाच्या दुसऱ्या रंगद्रव्यात बदलतं आणि हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा यंत्रापर्यंत पोचण्याआधीच उष्णता होऊन निघून जाते. प्रकाश आणि या रंगद्रव्याचं नातं १९८७ मध्ये बार्बरा डेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. झियाझँथिन हे नाव मक्याच्या शास्त्रीय नावावरून आलंय, झिआ मेज. मक्याचा पिवळेपणा बराचसा त्याचाच. आणि पालकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे आपल्या डोळ्याच्या पडद्यावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते त्या जागी, हेच द्रव्य असतं आणि तिथेही ते तीव्र निळ्या प्रकाशापासून जपतं. आपण ते स्वतः बनवू शकत नाही. अंड्याचा बलक, मका आणि हिरव्या भाज्यांतून मिळवतो.

ही उघाडी पटकन उघडते पण हळू बंद होते. ढग आला, ऊन गेलं, तरी काही मिनिटं ऊर्जा वाया जातच राहते. २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने तंबाखूच्या रोपांत ती लवकर बंद होईल असा जनुकीय बदल केला तेव्हा शेतातली वाढ सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. रानातल्या झाडाने मात्र हा 'तोटा' पत्करलेला असतो. त्याला उत्पन्न वाढवायचं नसतं, उद्या जिवंत असायचं असतं.

शाळेच्या भिंतीवरचं मॉस

कोकणात जांभ्याच्या गडग्यावर, शाळेच्या मागच्या भिंतीवर पावसात जे हिरवं मखमली मॉस येतं, ते ऑक्टोबरात काळपट होऊन चुरचुरतं. मेलं, असं आपण म्हणतो. जूनच्या पहिल्या सरींत ते परत हिरवं होतं, आणि ते सगळंच नव्याने उगवलेलं नसतं. मधल्या आठ महिन्यांत त्यात पाणी नव्हतं, म्हणजे कसलीही दुरुस्ती शक्य नव्हती. हरितद्रव्य मात्र जागेवरच होतं आणि रोज ऊन खात होतं. दुरुस्ती बंद असताना ते तगलं कसं? सुकताना त्याची आतली मांडणी अशी बदलते की शोषलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. उघाडी पूर्ण उघडी ठेवून दार लावून झोपल्यासारखं.

फुलझाडांत हे कसब दुर्मीळ आहे, पण सह्याद्रीत तुलनेने बरंच सापडतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ संवहनी वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली, ज्या पार सुकूनही पुन्हा जिवंत होतात. त्याआधी इथल्या नऊच माहीत होत्या. त्यांतल्या बऱ्याच उघड्या कातळावर राहतात. अशा वनस्पतींच्या जगात दोन घराणी आहेत. काही सुकताना हरितद्रव्य तसंच ठेवतात, पण पानं आत वळवून, लाल-जांभळी करून त्याला झाकतात. दुसऱ्या हरितद्रव्य आणि चवड्याच मोडून टाकतात आणि पाऊस आला की सगळं नव्याने उभारतात. दुकान बंद ठेवून माल आत सांभाळायचा की माल विकून मोकळं व्हायचं, असा हा व्यवहार.

तर ऑक्टोबरचं रोप

आता पहिल्या तक्रारीकडे येऊ. जाळीखाली वाढलेलं रोप म्हणजे सावलीची पानं घातलेलं रोप. त्या पानांत प्रकाश पकडणारं हरितद्रव्य भरपूर, तो वापरणारी यंत्रणा आणि उघाडी दोन्ही बेताची. जून-जुलैत लावलं तर ढगाळ आभाळ त्याला आपसूक सवय लावतं. मधे उघडीप पडते, पुन्हा ढग येतात, आणि तोवर नवी पानं उन्हासाठी तयार होऊन निघतात. सप्टेंबरअखेर लावलं तर ही सवलत मिळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नर्सरीतलं रोप गांधी जयंतीच्या कार्यक्रमात थेट उघड्यावर लावू नये. लावायचंच असेल तर आधी दोन आठवडे ते झाडाच्या विरळ सावलीत ठेवावं, सकाळचं ऊन रोज थोडं वाढवत न्यावं. लावल्यावर दक्षिण-पश्चिमेकडून माडाच्या झावळीचा आडोसा करावा. आपल्याकडचे बागायतदार आंब्याच्या कलमांना पहिल्या उन्हाळ्यात असा आडोसा करतातच.

पाण्याचा ताण आहे की ऊन लागलंय, हे ओळखायची सोपी खूण आहे. ऊन लागलेलं पान वरच्या, उघड्या बाजूनेच फिकं पडतं. एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत असेल तर तेवढा भाग हिरवा राहतो, अगदी छाप उमटल्यासारखा. ताणाने कोमेजलेल्या रोपात असा फरक दिसत नाही, सगळंच लुळं पडतं. आता पांढरं पडलेलं पान परत हिरवं होईल का? पिवळट झालं असेल तर बरेचदा सावरतं. कागदासारखं पांढरं किंवा तपकिरी झालं असेल तर तो भाग गेला. पण रोपाचा निकाल त्या पानावर लावू नका. शेंड्याचा कोंब हिरवा आहे का बघा, नखाने खोडाची साल जराशी खरवडून आत हिरवं-ओलं आहे का बघा. असेल तर आडोसा करा, पाणी द्या आणि तीन-चार आठवडे थांबा. जळकी पानं लगेच खुडू नका. खालच्या कोंबाला तेवढीच सावली.

वर्गात करायला

एक: आंबोशीचा वाफा निवडा. सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच वाजता वीस पानं मोजून त्यांतली किती मिटलेली आहेत ते लिहा. साडेबाराला अर्ध्या वाफ्यावर छत्री धरून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. मुलं विचारतील, ही रात्रीही मिटते, मग उन्हाचा संबंध काय? तो प्रश्न त्यांच्यावरच सोडा. छत्रीचे आकडे त्यासाठीच घेतलेत.

दोन: भिंतीवरचं सुकं मॉस नाण्याएवढं काढून बशीत पावसाचं किंवा साठवून निवळलेलं पाणी शिंपडा. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच रंग बदलायला लागतो. किती मिनिटांत पानं उलगडली हे भिंगातून बघा आणि लिहा.

तीन: हा मोठ्यांनी करून दाखवायचा. पालकाची पानं मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये खलून, फडक्याने गाळून हिरवा अर्क काचेच्या बाटलीत घ्या. जवळ ज्योत नको, स्पिरिट पेट घेतं. खोली अंधारी करून नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत अर्कावर टाका, डोळ्यांत जाऊ देऊ नका. हिरवा अर्क लाल चमकेल. हरितद्रव्याने प्रकाश शोषला, पण यंत्र मोडलेलं असल्यामुळे वापरता आला नाही, म्हणून तो लाल होऊन बाहेर आला. जिवंत पानातही अशी लाली निघते, पण शोषलेल्या प्रकाशाच्या एक-दोन टक्केच, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रज्ञ ती उपकरणाने मोजतात. पान अर्धा तास अंधारात ठेवून मोजलेलं गुणोत्तर निरोगी पानात जवळपास ०.८३ येतं, मग ते पान वडाचं असो की गवताचं. उन्हाने दमलेल्या पानात ते खाली येतं, आणि सावरू लागलं की परत वर चढतं.

आंबोशीचे आकडे काढाल तेव्हा त्या दिवशी आभाळ कसं होतं, तेही वहीत लिहायला सांगा. ढगाळ दिवसाचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय उन्हाच्या दिवसाच्या तक्त्यावरून काही म्हणता येणार नाही.